शंभर किलोमीटरला दहा रुपये? मीटर लावून दाखवा

मंडळी, मागच्या आठवड्यात आपल्या भडगाव तालुक्यातल्या एका पोराचा सत्कार झाला. घरी बनवलेली चारचाकी इलेक्ट्रिक गाडी, शाल, श्रीफळ, व्हिडिओ, सगळं रीतसर. माइकवरून सांगण्यात आलं, "शंभर किलोमीटरला खर्च फक्त दहा रुपये, आणि चालता चालता गाडी आपोआप चार्ज होते!" टाळ्या पडल्या. मी खालून विचारलं, "भाऊ, युनिट किती लागले?" तर शेजारचे म्हणतात, "काय भो, कोणाचं पोरगं वर चाललं की तुम्ही पाय ओढायला हजर!"

म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा. कारण त्या दहा रुपयांच्या भरवशावर लोक पोराकडे आगाऊ पैसे घेऊन चाललेत. त्यात माझा मावसभाऊही आहे, रोज पाचोऱ्याला दूध घालणारा.

आधी हे सांगतो की पोराच्या हातात कला आहे. मी मोटार वाइंडिंगवाला माणूस, काम बघितलं की कळतं. चौकोनी पाइपाची चॅसिस, ई-रिक्षाची मोटर, १२ व्होल्ट १०० एएचच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या. बॅटऱ्यांसकट गाडी २८० किलोच्या आसपास, दोन माणसं बसली की ४०० धरा. एवढी हलकी गाडी बनवणं सोपं नाही. वेल्डिंग तर मी स्वतः हात फिरवून पाहिलं, नाव ठेवायला जागा नाही.

आता हिशोब. ४८ व्होल्ट गुणिले १०० एएच म्हणजे ४.८ युनिट. टाकी एवढीच. त्यातली लेड-ॲसिडमधून रोज सुखाने निघते ती निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे तीनेक युनिट.

४०० किलोची गाडी सपाट डांबरीवर नुसती लोटायची तरी टायरच्या घर्षणापायी किलोमीटरला साधारण १६ वॉट-तास जातात. ताशी ३० च्या वेगाला हवा आणखी ११-१२ खाते. चाकाशी झाले २८. मोटर, कंट्रोलर, चेन यांत गळती आहेच. शंभरातले सत्तर चाकापर्यंत पोचले तरी बॅटरीतून ४० निघाले. आणि चार्जर व लेड-ॲसिड मिळून भरतानाच तिसरा हिस्सा गरम होऊन उडतो. म्हणजे घरच्या मीटरवर किलोमीटरला ६० वॉट-तास, शंभर किलोमीटरला ६ युनिट. वेग ३० वरून ४५ केला की हवेचा भार सव्वादोन पट.

हा झाला कागद. मग एका सकाळी पोराला गाठलं, बॅटऱ्या फुल करून कजगाव रोडला गाडी काढली. फिरून ३२ किलोमीटर झाले. परत येऊन चार्जर सबमीटरवर लावला. पुन्हा फुल होईपर्यंत २.१ युनिट. म्हणजे शंभराला साडेसहा. युनिट आठ रुपये धरला तर ५२ रुपये.

दहा रुपयांत येतं सव्वा युनिट. म्हणजे किलोमीटरला साडेबारा वॉट-तास, नुसत्या टायरच्या घर्षणालाही पुरत नाही! साधी ई-स्कूटर शंभर किलोमीटरला अडीच-तीन युनिट घेते. स्कूटरच्या निम्म्या विजेवर चारचाकी पळते हे माइकवर बोलताना कोणाला काहीच वाटलं नाही?

आणि ते 'आपोआप चार्जिंग'. चाकाला डायनामो लावलाय म्हणे. अहो, डायनामो फिरवायला जी ताकद लागते ती मोटर देते, मोटरला बॅटरी देते. विहिरीचं पाणी उपसून गळक्या बादलीने त्याच विहिरीत ओतायचं आणि पातळी वाढली म्हणून पेढे वाटायचे. उतारावर, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते, ते खरं. पण त्यासाठी तसा कंट्रोलर लागतो, आणि आपल्याकडे उतार किती? डायनामो काढला तर गाडी उलट जास्त जाईल. पोराला मी हे सांगितलं, तो ऐकून घेतो. ऐकत नाहीत ते सत्कारवाले.

सोलरचंही तेच. पुण्याच्या वायवे कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ईव्हा गाडी आणली, छतावर सोलर. कंपनीचाच दावा वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत, म्हणजे दिवसाला आठेक. एवढा पैसा ओतून आठ, आणि आपल्याकडे 'उन्हावर अमर्याद'?

खरा खर्च तर कोणी बोलतच नाही. चार बॅटऱ्या, चाळीस हजार धरा. तीन-चारशे वेळा चार्ज झाल्या की जीव सोडतात. एका चार्जला पन्नास किलोमीटर काढले तरी किलोमीटरला दोन-अडीच रुपये बॅटरीचेच झाले, विजेच्या चौपट. माझ्या मावसभावाने हे धरलेलंच नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर चालू होणारी जीप बनवली, आठवते ना? पेट्रोलची होती. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि त्याच दमात ही गाडी नियमात बसत नाही हेही लिहिलं. कौतुक आणि खरं, दोन्ही एकाच तोंडाने बोलता येतं. आपली गाडीही मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीशिवाय पासिंग होणार नाही. आगाऊ देणाऱ्यांना हे कोणी सांगितलं का?

गंमत म्हणजे साडेसहा हा आकडाच भारी आहे. एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटची, कंपनीचा दावा २३० किलोमीटर. म्हणजे शंभराला साडेसात. ती बंदिस्त, जड, वेगवान आहे, बरोबरी होत नाही हे मान्य. पण दोन जणांना तीसच्या वेगाने बाजारात न्यायला साडेसहा युनिट पुरतात, हे भडगावच्या शेडमध्ये घडलं. हे सांगायचं सोडून दहा रुपयांची थाप कशाला?

मावसभावाला म्हटलंय, पैसे सध्या खिशात ठेव. सबमीटर माझ्या दुकानात आहे. रविवारी सकाळी सातला पुन्हा कजगाव रोडला निघतोय, यावेळी चार माणसं बसवून. माइकवर बोलले त्यांनीही यावं, मागच्या सीटवर जागा ठेवली आहे.