ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड

कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत रस्तोरस्ती ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसू लागतात. कुणाचा ट्रॅक्टर किती टन ओढतो, याच्या पैजा पारावर रंगतात. पण शेतकरी बंधूंनो, तोच ट्रॅक्टर एवढा भार थांबवील का, हे कोण विचारतो?

हिशेब सरळ आहे. ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन २ टनांच्या आसपास. मागे दोन ट्रॉल्यांत २० टनांपर्यंत ऊस, शिवाय ट्रॉल्यांचे वजन वेगळेच. ब्रेक मात्र बहुतेक ट्रॅक्टरांना मागच्या दोन चाकांनाच, आणि ट्रॉलीला बहुधा नसतोच. त्यात वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट अंतर लागते.

खरी परीक्षा उतारावर. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करणारे बहाद्दर गावोगाव आहेत. वाचून वाचून वाचणार किती? गियर काढला की इंजिनाचा अडसर संपतो, मागचा भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो आणि ट्रॉली आडवी येते. सुटलेला गियर मग पुन्हा पडत नाही. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गियर टाका आणि क्लचवरचा पाय काढा. रानात वळण्यासाठी सुटे केलेले दोन्ही ब्रेक पेडल डांबरीवर येताना खिट्टीने जोडा. नाहीतर एकच चाक धरते नि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. चढावर पुढची चाके उचलत असतील तर बॉनेटवर माणसे बसवू नका. भार कमी करा, पुढे वजने लावा, ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. पिनेच्या जागी पहारीचा तुकडा नको.

रात्री पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. मागे लाल रिफ्लेक्टर नसला तर दुचाकीवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. चाकाखाली लावलेले दगडही तसेच टाकून जातात. ते उचलायला किती वेळ लागतो हो?

चालकाला दोष देणे सोपे. त्याला पैसे खेपेवर नाहीतर टनावर मिळतात, मग तो कमी भरील कशाला? प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदले जाते. कोण किती जास्त भरतो हे पावतीवरच दिसते. तेव्हा वाहतुकीचा करार करतानाच कारखान्यांनी ट्रॉलीचे ब्रेक, हूक आणि रिफ्लेक्टर पाहावेत. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांनी हंगामाआधी एक दिवस गावातल्या ट्रॉल्या चावडीसमोर बोलावून तपासायला काय हरकत आहे?