अहवाल अडतो कोठें?

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें पर्जन्यमानावरील आपला अहवाल ‘आर’ या संगणकभाषेंत तयार करून आणला. घरीं त्याची पीडीएफ प्रत सुरेख निघाली होती. शाळेच्या संगणकावर मात्र एक पानही निघेना. पडद्यावर ‘लाटेक एरर: फाइल टिक्झ डॉट एसटीवाय नॉट फाउंड’ असें एक वाक्य तेवढें उमटलें. मीं त्यास चार मुलांदेखत निष्काळजी म्हटलें व काम अपुरें म्हणून गुण कापले. चूक त्याची नव्हती, हें मला दोन दिवसांनीं कळलें.

अशा अहवालाची घडण समजल्यावांचून दोष कोणाचा हें ठरवितां येत नाहीं. आकडे व आलेख ‘आर’ सिद्ध करते. पॅनडॉक नांवाचा प्रोग्रॅम तो मजकूर लाटेकच्या भाषेंत उतरवितो. आणि पानें जुळविण्याचें काम टेककडे असतें. टेक रचण्यास डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७७ सालीं आरंभ केला. पुढील दशकांत लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं त्यावर लाटेक उभारलें. आणि मग देशोदेशींच्या लोकांनीं हजारों पॅकेजें त्यास जोडलीं. छापखान्यांत जुळाऱ्याच्या पेटींत एखाद्या अक्षराचा खिळाच नसला, तर लेखकाची प्रत कितीही शुद्ध असो, पान पुरें होत नाहीं. येथेंही तसेंच झालें. मुलाची प्रत निर्दोष होती. पेटी अपुरी होती ती आमची.

मग घरीं तें कसें निघालें? त्याच्याकडे टायनीटेक होतें. तें मुद्दाम लहान ठेवलेलें असून ‘आर’मधून अहवाल काढतांना एखादें पॅकेज नसल्यास तें आपण होऊन इंटरनेटवरून आणतें. आमच्या प्रयोगशाळेंत इंटरनेट बहुधा बंद, आणि कांहीं नवें बसविण्याचा अधिकार मुलांस नाहीं. माझे एक सहकारी म्हणतात, सर्वांस टायनीटेक द्यावें म्हणजे कटकट मिटली. घरापुरतें तें ठीक आहे; पण शाळेनें टेक लाइव्ह संपूर्ण बसवावें असें माझें स्पष्ट मत आहे. तें अनेक गिगाबाइट जागा घेतें खरें, परंतु ज्या कामाची परीक्षा आपण घेतों, त्याचीं साधनें पुरविणें आपल्याकडेच येतें.

तरीही विद्यार्थ्यांनीं तो संदेश वाचावयास शिकलें पाहिजे. त्यांत फाइलीचें नांव असतें, पॅकेजचें नव्हे, आणि हीं दोन नांवें नेहमीं एक नसतात. टिक्झची फाइल ‘पीजीएफ’ या पॅकेजांत आहे, सबकॅप्शनची ‘कॅप्शन’मध्यें, व लाँगटेबलची ‘टूल्स’मध्यें. मीं स्वतः टिक्झ नांवाचें पॅकेज शोधण्यांत अर्धी संध्याकाळ घालविली! टेक लाइव्हच्या ‘टीएलएमजीआर’ या व्यवस्थापकास फाइलीचें नांव देऊन शोध करावयास सांगितलें, तर तो पॅकेजचें नांव सांगतो. टेक लाइव्हची नवी आवृत्ति दरवर्षीं निघते. ती निघाली कीं जुन्या आवृत्तीचा व्यवस्थापक नव्या भांडारांतून कांहीं घेत नाहीं. अशा वेळीं आवृत्ति बदलावी, अथवा त्या वर्षाचें जतन केलेलें भांडार त्यास दाखवावें.

मराठींत अहवाल लिहिणारांची अडचण मात्र निराळी. साध्या पीडीएफलाटेकनें देवनागरी अक्षर नाकारलें, म्हणजे मुलें पॅकेजांमागून पॅकेजें बसवीत सुटतात. तेथें झीलाटेक हें यंत्र निवडून देवनागरीच्या फाँटचें नांव द्यावें लागतें. टंक संगणकांत असला, तर बहुधा तेवढ्यानें भागतें.

त्या चार मुलांदेखतच मीं माझी चूक कबूल केली व गुण परत दिले. त्यानें यंदाच्या अहवालाच्या शेवटीं लागणाऱ्या पॅकेजांची यादी स्वतः जोडली होती. ती मीं प्रयोगशाळेच्या दारावर लाविली आहे.