नकाशावरची रेघ आणि आपलं दार

मैत्रिणींनो, पेपर घरी आला की आपण काय वाचतो? पहिलं पान, राशिभविष्य, निधनवार्ता, सोन्याचा भाव आणि ही आपली पुरवणी. आतल्या पानावर एका कोपऱ्यात बारीक टाइपात 'जाहीर सूचना' छापलेली असते. त्यावर आपली नजर ठरत नाही, पोळीचा डबा पुसायला पेपरचं तेच पान आधी जातं. पण पुढची वीस वर्षं आपल्या गल्लीतून पाण्याचा टँकर वळणार की नाही, पोरांना खेळायला जागा उरणार की नाही, बाजारच्या दिवशी बाईला आडोसा मिळणार की नाही, हे त्या बारीक टाइपातल्या मजकुरावर ठरत असतं.

कुठल्याही नगर परिषदेच्या गावाचा विकास आराखडा तयार होतो, म्हणजे सगळ्या गावाचा नकाशा काढला जातो. रस्ता कुठून जाईल, शाळा, दवाखाना, भाजीबाजार, बगिचा, स्मशानभूमी कुठं असेल, घरं कुठं आणि दुकानं कुठं, हे त्यात रेघा ओढून आणि रंग भरून दाखवतात. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा त्याचा कायदा. हा आराखडा साधारण वीस वर्षांतून एकदा नव्याने होतो. म्हणजे आज अंगणवाडीत जाणारी पोर सासरी जाईपर्यंत गाव त्याच नकाशावर चालायचं.

आपली उमरी तालुक्याचं ठिकाण आहे. रेल्वे आहे, बाजारपेठ आहे, आजूबाजूच्या खेड्यांचं येणं-जाणं आहे. अशा गावात काय होतं ते आपण सगळ्याच बघतो. कालपर्यंत जिथं कापूस आणि तूर उभी होती, तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात. चार दगड रोवले जातात, एक फलक लागतो आणि प्लॉट विकायला निघतात. खेड्यातला माणूस मुलांच्या शिक्षणासाठी चार पैसे गाठीला बांधून तिथं प्लॉट घेतो. घर उभं राहतं, वास्तुशांती होते. मग पहिल्या पावसाळ्यात कळतं की नालीच नाही. नाली आहे तर तिला उतार नाही. रस्ता वीस फुटांचा सांगितला होता, तो दोन्ही बाजूंच्या ओट्यांनी आणि पायऱ्यांनी खाऊन टाकला. बाळंतीण अडली तर रिक्षा दारापर्यंत येत नाही. हे सगळं सोसायचं कोणी? दिवसभर घरी असणाऱ्या बाईने. नालीचं पाणी दारात तुंबलं तर बादलीने उपसायला गुत्तेदार येत नाही, आपणच उपसतो.

म्हणूनच नकाशा हा पुरुषांचा आणि इंजिनिअरचा विषय, असं म्हणून बाजूला बसणं आपल्याला परवडणारं नाही.

याचा धडा आपल्याच मराठवाड्यात लिहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढे सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून मदत आली, पक्की घरं उभी राहिली. सरकारने आणि संस्थांनी केलेलं ते काम मोठंच होतं. पण नव्या गावांचे नकाशे झाले ते शहरातल्या कॉलनीसारखे. सरळ रेषेतले रुंद रस्ते, सुटी-सुटी घरं, जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी मोठा पसारा. जुन्या गावात वाडा होता, माळवद होतं, चार घरांच्या मध्ये अंगण होतं. बाई तिथं धान्य वाळवायची, लेकराकडं शेजारीण बघायची, भिंतीवरून हाक मारली की माणूस यायचं. नव्या गावात घर भक्कम मिळालं, पण शेजार लांब गेला आणि पाण्याची खेपही लांबली. जनावर कुठं बांधायचं, चूल कुठं मांडायची, सरपण कुठं ठेवायचं, हे नकाशा काढणाऱ्याने विचारलंच नव्हतं. मग लोकांनी आपापल्या परीनं भिंती वाढवल्या, पत्रे टाकले, मोकळी जागा वेढून घेतली.

आणि त्याच भूकंपाची दुसरी बाजूही आहे. ज्या गावांत जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथं सरकारने 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने लोकसहभागाचं काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. महिला मंडळांच्या या बायका घरोघरी गेल्या, अनुदानाचा हप्ता कसा मिळतो ते सांगितलं, भिंतीचा पट्टा कसा घालायचा ते स्वतः शिकल्या आणि दुसऱ्यांना शिकवलं. जिने कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती सिमेंटचं माप विचारू लागली. बांधकामातलं बाईला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना लातूर-धाराशिवच्या या बायकांनी तीसेक वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे. घर वापरणाऱ्या माणसाला आधी विचारलं तर काय होतं आणि न विचारता बांधलं तर काय होतं, हे दोन्ही आपल्याच मातीत बघायला मिळालं.

आता कायदा आपल्याला काय देतो ते बघू या. विकास आराखड्याचा प्रारूप मसुदा तयार झाला की त्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापावी लागते. नकाशा लोकांना बघायला ठेवावा लागतो. त्या दिवसापासून ३० दिवसांत कोणीही हरकत किंवा सूचना लेखी देऊ शकतं. कोणीही, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून अडत नाही. हरकती नियोजन समितीपुढे जातात आणि हरकत देणाऱ्याला सुनावणीला बोलावतात. पुढं-मागं एखाद्या जागेचा हेतू बदलायचा झाला, समजा बगिच्याची जागा घरांसाठी करायची झाली, तरी कलम ३७ खाली पुन्हा जाहीर सूचना आणि पुन्हा महिनाभर हरकतीची मुदत द्यावी लागते. जवळच्या खेड्यांतल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. ग्रामपंचायतीच्या कायद्यात प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. तिथं अंगणवाडीची जागा, गावठाणाची वाढ, नवी घरकुलं कुठं, हे सगळं विचारता येतं. ही सभा प्रत्यक्ष बसते की नुसत्या सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं, हे मात्र आपल्यावर आहे.

खाजगी ले-आऊटचाही एक नियम पाठच करून ठेवा. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकराहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडले, तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही जागा कोणाच्या मेहेरबानीची नसते, प्लॉट घेणाऱ्या सगळ्यांच्या वापराची असते. आपल्या कॉलनीत ती कुठं आहे? तिथं आता काय उभं आहे? मंजूर ले-आऊटची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते. २००५ चा कायदा आहे, अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. आणि प्लॉट अजून घ्यायचा असेल तर इसार देण्याआधीच मंजूर नकाशा बघायला मागा. सोनं घेताना आपण वजनकाट्याकडं टक लावून बघतो ना, मग आयुष्याची पुंजी घालताना का नाही?

मोकळी जागा वाचवायला माणसं कुठवर गेली, त्याचं एक उदाहरण बंगळूरचं आहे. तिथं बगिच्यासाठी ठेवलेली जागा एका खाजगी रुग्णालयाला देऊन टाकली होती. रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालयही लोकांच्याच कामाचं, असा युक्तिवाद झाला. पण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बगिच्याची जागा अशी देता येणार नाही. दुसरं उदाहरण आपल्या ओळखीचं. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना रस्त्याच्या कडेला स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधायचे आदेश दिले. बाजाराला निघताना सकाळपासून पाणी न पिणारी बाई आपल्या प्रत्येकीच्या माहितीतली आहे. तिची अडचण ही लाजेची गोष्ट म्हणून गप्प बसायचं नसतं, ती नकाशातली चूक आहे, हे त्या निकालाने अधिकृत झालं.

आणि बगिचा झाला म्हणजे तो आपल्या मुलींचा झाला असंही नाही. दूर युरोपात व्हिएन्ना शहराच्या लोकांनी बघितलं, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत यायच्या बंद होतात, कारण सगळी जागा मुलांच्या चेंडूने व्यापलेली असते. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी काही बागा नव्याने आखल्या. पायवाटा वाढवल्या, बसायला जागा केल्या, वेगवेगळ्या खेळांचे कोपरे केले, तशा मुली परत आल्या. आपल्या मैदानावर संध्याकाळी सहा वाजता किती मुली दिसतात, ते एकदा मोजून बघा.

आता एक प्रश्न हमखास येतो आणि तो टाळून चालणार नाही. "ताई, नियम नियम करता, पण गरिबाने घर बांधायचं की नाही?" प्रश्न खरा आहे. नियमाचा बडगा आधी झोपडीवर पडतो, तीन मजली इमारतीवर नाही, हा अनुभवही खोटा नाही. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन गुंठा-दीड गुंठा घेतला, त्यांना बेकायदेशीर म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. म्हणून तर २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना वाढवून मिळाली. पण हेही बघा, गुंठेवारीत शुल्क भरून कागद सरळ होतो, रस्ता रुंद होत नाही. न सोडलेली मोकळी जागा शिक्क्याने परत येत नाही. म्हणून आधी नकाशा बघणं हे गरिबाच्या घराच्या आड येणं नाही. फसवणुकीचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसतो, त्याला दुसरा प्लॉट घ्यायची ऐपत नसते.

आराखड्यात एकदा 'क्रीडांगण' असं लिहिलं म्हणजे काम झालं, या भ्रमातही राहू नका. आरक्षण टाकून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटतं. मालकाचंही चूक नाही, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? चूक पैसे न ठेवणाऱ्यांची आणि त्यांना न विचारणाऱ्यांची. म्हणून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी विचारायचं, की आरक्षित जागांपैकी किती घेतल्या आणि यंदा कोणत्या जागेसाठी पैसा ठेवला.

हे विचारायचं कोणाला? २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या वॉर्डाच्या बाईंच्या घरी हळदीकुंकवाला जातोच की आपण, वाण घेऊन येतो. तर पुढच्या वेळी वाणाबरोबर वॉर्डाचा नकाशाही मागू या. त्यांच्या वतीने घरातले पुरुष बोलत असतील, तर चार जणी मिळून बाईंच्याच बाजूला बसा. त्यांनाही बळ येईल.

काम फार मोठं नाही. बचत गटाची महिन्याची बैठक असतेच. त्यातला अर्धा तास यासाठी काढा. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना नकाशा वाचायला लावा, त्या भराभर वाचतात. मग गल्लीतून एक फेरी मारा आणि कागदावर पाच गोष्टी लिहा: पाणी कुठं तुंबतं, दिवा कुठं नाही, रुग्णवाहिका कुठं वळत नाही, मोकळी जागा कुठं गेली आणि बाईला बाजारात आडोसा कुठं आहे. हरकत साध्या मराठीत, साध्या कागदावर लिहा, गट नंबर आणि जागेची खूण द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. सुनावणीला एकटी जाऊ नका, दहा जणी जा.

१९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी निजामाच्या राजवटीत उमरीची बँक लुटली, ही गोष्ट आपण लेकरांना अभिमानाने सांगतो. ज्या गावाच्या नावावर एवढं धाडस लिहिलंय, त्या गावातल्या लेकी-सुनांनी नगर परिषदेच्या टेबलावरचा एक नकाशा उघडून बघायला का कचरावं? तेव्हा उद्या पेपर आला की आतल्या पानावरची जाहीर सूचना आधी वाचा. ३० दिवस हां हां म्हणता सरतात, आणि मग वीस वर्षं बादलीने पाणी उपसत बसावं लागतं.