पथारीवरची मिरची

दिवाळी सरली की नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. त्या तांबडेपणाचे आम्हा नंदुरबारकरांना मोठे कौतुक. ठसका लागला तरी तो आम्ही अभिमानाने सोसतो! परंतु उघड्या जमिनीवर वाळणाऱ्या मिरचीवर अवकाळी पावसाची एखादी सर आली की तीत ओल शिरते व ओलीने बुरशी धरते. या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उपजते. ते डोळ्यांस दिसत नाही, जिभेस कळत नाही आणि फोडणीच्या तापानेही पुरते नष्ट होत नाही.

याचा दाखला फार दूर शोधावयास नको. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांमधील आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. घरात दुसरे धान्य नसलेल्या त्या माणसांना 'जागरूक राहा' असे सांगून काय साधले असते?

दुसरा प्रकार मानवी लोभाचा. मेणास व पॉलिशास रंग देणारे 'सुदान' हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरलेले आहे. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीत ते सापडले. पुढे २००५ साली इंग्लंडमध्ये अशाच पुडीमुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. कोणती पूड कोणत्या बरणीत गेली, याची नोंद तेथे होती, म्हणून हे घडू शकले. आमच्या आठवडी बाजारातील सुट्या पुडीचे मूळ कोण सांगणार?

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९५४ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला; त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली व २०११ पासून तो अमलात आला. शुल्क भरून कोणाही ग्राहकास पदार्थाची तपासणी करून घेता येते. परंतु पथारीवर दिवसभर देठ खुडून दहा रुपयांची पूड नेणाऱ्या बाईने शुल्क कोठून भरावे? तिच्या ताटाची राखण तिच्यावरच सोपविणे मला अन्यायाचे वाटते.

तपासणी दुकानात नव्हे, पथारीवर सुरू व्हावी. सिमेंटचे ओटे, पुरेशा ताडपत्र्या, लिलावापूर्वी ओल मोजण्याचे यंत्र आणि प्रत्येक पोत्यावर गावाचे नाव, एवढे प्रथम हवे. खर्च वाढेल, असे व्यापारी म्हणतील. तो वाढेलच, पण आज तो खर्च विकत घेणाऱ्याच्या यकृतावर पडतो आहे.