चावी कुणाकडे आहे?

मैत्रिणींनो, हा लेख एका नटाबद्दल आहे. सिनेमातल्या नव्हे, गाडीच्या चाकाच्या नटाबद्दल. बायकांच्या प्रश्नांवरच्या अंकात हे काय, असं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं असतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुंबईची बैठक उरकून आम्ही तिघी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने, गाडीसकट मांडव्याला येत होतो. मार्च २०२० मध्ये ही बोट सुरू झाल्यापासून आमच्यासारख्या संस्थांची मोठी सोय झाली आहे. पेणवरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो. बोटीने तासाभरात गाडी मांडव्याच्या जेटीवर.

बोटीत असतानाच फोन आला. रेवसच्या बाजूच्या एका गावातली बाई. आठ महिने ती आमच्याशी अधूनमधून बोलत होती. मार खात होती, आणि निघायचं की नाही याचा विचार करत होती. त्या दिवशी म्हणाली, "ताई, आज निघते. सासू लग्नाला गेलीय, हे सातशिवाय यायचे नाहीत. पाच वाजता शाळेमागच्या मोरीवर पोरीला घेऊन उभी राहते. गाडी घेऊन या. रिक्षा नको. गावातले सगळे रिक्षावाले दिराचे दोस्त आहेत."

चार वाजता आम्ही उतरलो. जेटीपासून जरा पुढे आलो आणि मागचं चाक बसलं.

पंक्चर काही मोठी गोष्ट नव्हे. स्टेपनी होती, जॅक होता, व्हील पाना होता. गाडी चालवणारी आमची कार्यकर्ती चाक बदलायला शिकलेली. तीन नट तिने बघता बघता सैल केले. चौथ्याला पाना लागेना. त्याचं डोकं षटकोनी नव्हतंच. गोल, आणि त्यात फुलासारखी नक्षी. गाडी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने अलॉय व्हील बसवलेली, आणि ती चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक 'लॉक नट' लावलेला. तो उघडायला त्याच नक्षीचा एक छोटा तुकडा लागतो. तो नटावर बसवायचा आणि त्यावर पाना लावायचा. तीच त्याची चावी.

चावी नव्हती. समोरचा कप्पा, डिकीतली चटई, जॅकची पिशवी, सीटखाली, सगळीकडे शोधलं. मग आठवलं. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजात टायर बदलले होते. चावी तिथेच राहिली असणार. फोन केला तर "आमच्याकडे नाही". मी त्या गॅरेजवर फार रागावत नाही, कारण पैसे देऊन गाडी घेताना "आमची चावी द्या" असं आम्हीही म्हटलं नव्हतं. अशी काही वस्तू असते आणि ती मोजून परत घ्यायची असते, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

एव्हाना भोवती माणसं जमली होती. "ड्रायव्हर कुठाय?" गाडी चालवणारी समोर उभी होती, तिच्याच हातात पाना होता. "साहेबांना फोन लावा ना." आमच्या संस्थेत साहेब नाही. एकजण म्हणाला, गॅसने कापून टाका. गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं. ते म्हणाले, गाडी उचलून आमच्याकडे आणा, नाहीतर चावीचा कोड सांगा, नवी मागवू, काही दिवस लागतील. तो कोड एका छोट्या कार्डावर असतो. कार्डही नव्हतं.

पोलिसांना का नाही कळवलं, असं तुम्ही विचाराल. तिनेच नको म्हटलं होतं. यापूर्वी दोनदा चौकीतून तिला 'समजूत' घालून परत घरी धाडलं होतं. शेवटी आमच्यापैकी एक जण जेटीवरूनच रिक्षा करून निघाली. गावाच्या अलीकडे उतरून चालत मोरीपर्यंत गेली. तोवर सहा वाजून गेले होते. मोरी रिकामी होती. नंतर कळलं ते असं : ती बाई चार वर्षांच्या पोरीला घेऊन तासभर उभी होती. मग दिराचा एक दोस्त मोटरसायकलवरून गेला, त्याने पाहिलं. "भाजीला आले होते" असं सांगून ती घरी परतली.

सव्वासहाला चोंढीच्या बाजूने एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. साठीचा माणूस, खांद्याला पिशवी. त्याने नट पाहिला आणि पिशवीतून एक जुना, बारा कोनांचा सॉकेट काढला. नटाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान. गाडी जमिनीवरच ठेवली, जॅक लावू दिला नाही. हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दगड लावले. आम्ही सैल केलेले तीन नट आधी पुन्हा आवळायला लावले, "सगळा भार ह्या एकावर नको." मग सॉकेट हातोड्याने ठोकून नटाच्या डोक्यावर घट्ट बसवला, पान्याला लांब पाईप अडकवला आणि उलट्या बाजूला सावकाश, एकसारखा जोर दिला. कट्ट! नट सुटला. वेळ लागला दहा मिनिटं.

आम्ही तिथे सव्वादोन तास उभ्या होतो.

ती बाई एकोणीस दिवसांनी निघाली. आम्ही न्यायला गेलो नाही. ती स्वतःच एस.टी.ने आमच्या कार्यालयात आली. डाव्या हाताला प्लास्टर होतं. तो हात मी नटाच्या खात्यावर लिहीत नाही. हात मोडणारा नवराच, आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल. पण आपल्या वाट्याचा हिशेब आपण करायला नको का? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या बाजूने होता. आम्ही तिच्या बाजूने होतो. तिचं धाडस तर होतंच. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक इंचभराचा नट आडवा आला, कारण तो कसा सुटतो हे आम्हा तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. केसवर्क शिकले, ग्रुपवर्क शिकले, समुदाय संघटन शिकले. पाना धरायला कुणी शिकवलं नाही आणि ते शिकायला हवं असं मलाही वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडा शिक्षणाचा ताठाही होता. हात काळे करण्याचं काम दुसऱ्याचं! ज्या समाजात हाताने काम करणाऱ्याला खालचं मानतात, तिथे हे अज्ञान नुसतं बाईपणाचं नसतं, जातीचं आणि वर्गाचंही असतं.

पण बाईपणाचा भाग मोठा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम २२ आठवा. चालू इंजिनाची सफाई, वंगण किंवा जुळवणी करायला त्यात बायकांना मनाई होती, आणि बाईला बसवलं होतं अल्पवयीन मुलांच्या पंगतीत. हेतू संरक्षणाचा सांगितला जातो. परिणाम असा की यंत्रावर राबायचं तिने आणि यंत्र समजून घ्यायचं त्याने. त्याच १९४८ साली १ जूनला पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला धावली. अर्चना आत्राम यांनी सासवडहून नीरेला एस.टी. नेली ती जून २०२३ मध्ये, एस.टी.ला तेव्हा ७५ वर्षं झाली होती. एवढी वर्षं बाई एस.टी.त बसत होती, पुढे तिकिटंही फाडू लागली, पण स्टिअरिंग तिच्या हाती नव्हतं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच चळवळीत आहे. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० च्या दशकात 'महिला समाख्या'च्या कामातून गरीब, बहुतेक दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बायकांनी आणि पंप दुरुस्त करायचा पुरुषांनी, ही जुनी वाटणी. पंप बंद पडला की हाल बायकांचे, आणि मेकॅनिक येईल तेव्हा येईल. त्या बायकांनी जड पाने उचलले, पाईप वर खेचले, पंप चालू केले. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्याच हाताने गावाचा पंप सुरू झाला. हे नुसतं कौशल्य नव्हे. वाट बघत बसण्यातून झालेली ती सुटका आहे.

आमच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा एक ज्येष्ठ ताई चिडल्या. "आता हेही आम्हीच करायचं का? घर बाईने, नोकरी बाईने, मोर्चा बाईने, आणि आता टायरही?" त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. 'सक्षम' या शब्दाखाली बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढवला जातो, हे आपण पाहतोच. पण प्रत्येकीने मेकॅनिक व्हावं असं मी म्हणत नाही. त्या मेकॅनिकने आपल्या कामाचे जे पैसे मागितले ते आम्ही दिले, आणि ते त्याच्या हक्काचेच होते. माझं म्हणणं एवढंच की ज्या गाडीवर आपण कुणाला सुटकेचा शब्द देतो, त्या गाडीची चावी कुठे आहे आणि नसली तर काय करायचं, हे आपल्यातल्या निदान दोघींना माहीत हवं. कुणावर अवलंबून राहणं वाईट नाही. आपण कशावर अवलंबून आहोत हेच माहीत नसणं वाईट.

त्यानंतरच्या रविवारी त्या मेकॅनिकला आम्ही कार्यालयाच्या अंगणात बोलावलं. उरलेले तीन लॉक नट आम्ही काढले. त्याने फक्त बाजूला बसून सांगितलं. पहिल्याला पाऊण तास लागला, तिसऱ्याला दहा मिनिटं. जे शिकलो ते तुमच्यासाठी लिहिते.

चावी शोधताना स्टेपनीच्या खोबणीत आणि कागदपत्रांच्या पाकिटातही पाहा. कोडचं कार्ड मिळालं तर आधी नवी चावी मागवा. तोडफोड हा शेवटचा मार्ग. ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच. कडक पोलादाचा कपचा उडाला तर डोळा जाऊ शकतो. नट सुटेपर्यंत चाक जमिनीवरच ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीला जोराचा हिसका देऊ नका. सॉकेट घसरू लागला तर आतून उलट्या आट्यांचा खास सॉकेट मिळतो, तो फिरवू तसा नटात रुततो. काही लॉक नटांवर सुटी फिरणारी टोपी असते. तिथे ठोकलेला सॉकेट नुसता गरगरतो. मग टोपी फोडावी लागते किंवा नटावर दुसरा नट वेल्डिंग करावा लागतो. ते जाणत्या हातांवर सोडा. आणि गॅसने कापायला मात्र ठाम नकार द्या. हवा भरलेल्या टायरजवळ एवढी उष्णता दिली तर टायर फुटून जीव जाऊ शकतो. मांडव्याला कुणी सल्ला दिला म्हणून आम्ही ते करू दिलं असतं, इतकं आमचं अज्ञान होतं.

तुटलेल्या नटाच्या जागी त्याच आट्यांचे आणि त्याच बैठकीचे साधे नट लावा. आधी हाताने फिरवा, मग आडव्यातिडव्या क्रमाने आवळा, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजतं, म्हणून अधूनमधून नट सोडून पुन्हा लावावेत. लॉक नट ठेवायचेच असतील तर त्यांच्यावर हवेची गन चालवू देऊ नका. चावीची नक्षी झिजते. आणि गॅरेजातून निघताना चावी हातात मागून घ्या.

आम्ही आमच्या गाडीला आता साधे नट लावले आहेत. अलॉय चोरीला गेली तर जावोत. चोर येईल की नाही कुणास ठाऊक. मदतीला हाक मारणारी बाई मात्र नक्की येणार आहे. मालमत्तेच्या राखणीसाठी लावलेलं कुलूप मदतीच्या आड येत असेल, तर आपण कशाची राखण करतो आहोत हे ठरवायला हवं.

तुमच्या पुढच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर एक विषय वाढवा. संस्थेची गाडी असेल तर सगळ्याजणी मिळून तिचं एक चाक काढा आणि लावा. गाडी नसेल तर मुख्य फ्यूज कुठे आहे, पाण्याचा मुख्य नळ कसा बंद होतो, तिजोरीची दुसरी चावी कुणाकडे असते, ते विचारा. उत्तर "ते त्यांना माहीत" असं आलं, तर काम तिथून सुरू करा. आणि काय झालं ते या अंकाला जरूर कळवा.

ती बाई सध्या आमच्याकडे शिवण शिकते आहे. त्या रविवारी ती अंगणात नव्हती. तेव्हा ती त्या घरातच होती. मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा चाक काढायला बसलो, तेव्हा तिची पोर शेजारी बसून नट मोजत होती. "एक, दोन, तीन, चार," असं म्हणून तिने विचारलं, "सगळे एकसारखे?"

हो, आता सगळे एकसारखे.