तेलाच्या दावणीला वायू

माझगावच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौका आणि पाणबुड्या यांचे कौतुक देशभर होते आणि ते यथार्थच आहे. परंतु ऊर्जेच्या स्वावलंबनातही या गोदीने मोलाचा वाटा उचलला, याचे स्मरण फारसे कोणी ठेवत नाही. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हाय येथे तेल लागले. 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढे तेथील अनेक पोलादी फलाट माझगाव डॉकने बांधून दिले.

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही एकाच खडकाच्या पोटातील भावंडे. भूगर्भातील दाबाखाली वायू तेलात विरघळलेला असतो. तेल वर येताच दाब उतरतो आणि वायू मोकळा होतो. तेल टाकीत साठवता येते, जहाजातून नेता येते. वायूला मात्र वाहिनी हवी. ती नसेल तर तो जाळून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. बॉम्बे हायवर प्रारंभीच्या काळात हेच घडले. राष्ट्राची संपत्ती भर समुद्रात धगधगत राहिली. उरणपर्यंत वाहिनी आली, थळचा खत कारखाना उभा राहिला, 1995 साली महानगर गॅस स्थापन झाली, तेव्हा कुठे हा वायू शेतात, स्वयंपाकघरात आणि टॅक्सीत पोहोचला. त्याची किंमतही मोजावी लागली. 27 जुलै 2005 रोजी एक जहाज वायूवाहिनीवर आदळून फलाट भस्मसात झाला आणि 22 जणांचे प्राण गेले.

आता प्रश्न आहे तो या वायूच्या मोलाचा. एप्रिल 2023 पासून ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर भारताच्या आयात तेलाच्या दराच्या दहा टक्के ठरतो. त्याला दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एककामागे साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. दोन वर्षांनंतर तीत दरवर्षी पाव डॉलरची वाढ ठरली. तेल पिंपामागे 75 डॉलर असेल तर सूत्राने दर साडेसात डॉलर येतो. ग्राहकाला वाचवते ती ही मर्यादाच.

परदेशातून येणाऱ्या वायूचा दर तेलाशी बांधणे समजू शकते. तो विक्रेत्याशी केलेला व्यवहार आहे. पण आपल्याच समुद्रातील वायूचा भाव आखातातील युद्धाने का चढावा? तेथे भडका उडाला म्हणून बॉम्बे हायच्या विहिरीचा खर्च वाढत नाही. 2024 च्या अखेरीस शहरांना मिळणारा हा स्वस्त वायू घटवला गेला आणि मुंबईत सीएनजी महागला. त्याची झळ लागली ती टॅक्सीवाल्याला.

उत्पादकांची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. क्षेत्र जुने झाले आहे, उत्पादन घटले आहे, नव्या विहिरींना भांडवल लागते. त्यासाठी नव्या विहिरींच्या वायूला वीस टक्के अधिक दर देण्याची तरतूद आहेच. ती योग्य आहे. जोखमीचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु जुन्या विहिरींवरील मर्यादा उठवणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्या विहिरी राष्ट्राच्या पैशाने खोदल्या गेल्या. त्यांचे फळ प्रथम राष्ट्राच्या चुलीला मिळावे, हाच न्याय. स्वदेशी वायूला परक्या तेलाच्या दावणीला बांधून स्वावलंबन साधणार नाही.