हडळ कुणाची लेक होती?

मागच्या आठवड्यात साती आसरा या पाण्यातल्या देवतांवर लिहिलं, तेव्हा एका वाचकाने विचारलं की ही भुतंखेतं आता कशाला उकरून काढता. उकरायला हवीत. आपली भुतं म्हणजे गावातल्या अकाली मरणांची नोंदवही आहे.

मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला, तो मुंजा. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. नवरा-पोरं मागे टाकून सवाष्णपणी गेली ती जखीण. बाळंतपणात दगावली ती हडळ, कोणी तिला अळवंतीण म्हणतं. नाशिकचे ब्रिटिश कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून अशी माहिती मिळवली होती. 1909 मध्ये नाशकात त्यांची हत्या झाली. पुढे 1915 मध्ये आर. ई. एन्थोवेन यांनी त्या माहितीतला कोकणचा भाग छापला. बाळंतीण मेली की घरापासून मसणवटीपर्यंत वाटेवर राळ्याचे दाणे फेकत. सगळे दाणे मोजल्याशिवाय तिला परतता येत नाही, अशी समजूत. उंबऱ्यावर खिळा ठोकत. कालपर्यंत जी त्याच उंबऱ्यातून पाण्याला जात होती, तिच्यासाठी हा खिळा! सुईण वेळेत आली का, पोर अडलं तेव्हा घरच्यांनी काय केलं, हे कोणी विचारलं नाही. तिचे पाय मात्र उलटे झाले आणि ती विहिरीवर बसली. मला या गोष्टीत हडळीची भीती वाटत नाही, खिळा ठोकणाऱ्या हातांची वाटते.

तरी त्या भीतीने एक केलं. अमक्या विहिरीवर बाई गेली होती, हे तीन पिढ्या गावाच्या ध्यानात राहिलं.

आज मात्र तेवढीही आठवण उरत नाही. भिवंडीजवळच्या वळ, दापोडा, माणकोली या पट्ट्यात गोदामांच्या रांगा आहेत. 29 एप्रिल 2023 रोजी वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. खाली गोदाम, वर कुटुंबं. आठ माणसं गेली. दुपारची वेळ, रोजचं काम चाललेलं. या मरणांची कोणी गोष्ट सांगत नाही. ट्रक येतात, माल उतरतो. जुन्या गावाने निदान भुताच्या पिंपळाकडे बोट दाखवलं असतं. ही विस्मृती मला कुठल्याही खविसापेक्षा भयंकर वाटते.

म्हणून वळ-माणकोलीकडच्या वाचकांना विनंती आहे. आजी-आजोबांकडून ऐकलेली भुताची गोष्ट लिहून काढा. झाड कुठलं, विहीर कुठली आणि ते माणूस मेलं कसं, एवढं त्यात हवंच. आणि अंगात हडळ शिरली म्हणून कोणी एखाद्या बाईला मारत असेल, साखळीने बांधत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. गप्प बसू नका, पोलिसांत जा.